ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे टो-इन : घरच्या घरी मोजा, वेळीच दुरुस्त करा

पिकांविषयी लिहिणाऱ्या माणसाने चाकांविषयी का सांगावे, असे तुम्हाला वाटेल. परंतु कोळप्याची पास नेमकी कोठून जाणार, हे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ठरते. ही चाके सरळ नसतील तर शिफारशीनुसार केलेली पेरणी, मोजून ठेवलेले ओळींतील अंतर आणि वेळेवर केलेली आंतरमशागत या सगळ्यावर पाणी पडते. शिवाय टायर झिजतो, डिझेल जास्त लागते आणि रस्त्यावर गाडी हातात राहत नाही, ते वेगळेच.

पुढची चाके सरळ आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. एक टेप, खडू, ओळंबा आणि दोन पाने एवढ्या साहित्यात हे काम अंगणात होते. ते कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आमच्या प्रक्षेत्रावरील अनुभव

काही वर्षांपूर्वी कपाशीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या कोळप्याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. त्याआधी तोच ट्रॅक्टर सोयाबीनमध्ये चालत होता. कपाशीसाठी त्याची चाके आदल्या संध्याकाळी घाईघाईने आत घेतली होती. प्रात्यक्षिकाच्या वेळी ट्रॅक्टर काही केल्या ओळीत राहीना. कधी डावीकडे ओढे, तर कधी उजवीकडे. चालक सतत स्टिअरिंग सावरत होता, तरी मागे तुटलेली झाडे पडत होती. जमलेल्या शेतकऱ्यांसमोर मी चालकालाच बोललो, "मामा, लक्ष कुठे आहे?"

ते काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी मला पुढच्या टायरजवळ नेले आणि टायरच्या रेघांवरून हात फिरवायला सांगितला. करवतीच्या दातांसारखी धार बोटांना लागली. मग आम्ही टेप लावला. पुढच्या चाकांत मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला १५ मि.मी. अंतर जास्त होते. चाके आत घेताना एका बाजूचा टाय रॉड माप न घेता, अंदाजाने फिरवून बसवला होता आणि ते काम माझ्यासमोरच झाले होते. चूक चालकाची नव्हती, माझी होती. दुसऱ्या दिवशी तसे त्यांना सर्वांसमोर सांगितले. झाडे मात्र परत आली नाहीत.

या चुकीची किंमत किती होते ते पाहा. कपाशीची लागवड १२० × ४५ सें.मी. अंतरावर असेल तर हेक्टरी १८,५१८ झाडे बसतात आणि ओळींची एकूण लांबी सुमारे ८,३३३ मीटर भरते. कोळपताना दर १० मीटरला एकच झाड तुटले, तरी हेक्टरी ८३३ झाडे, म्हणजे एकरी सुमारे ३३३ झाडे जातात. लागवडीला महिना उलटल्यावर नांग्या भरून ती तूट भरून येत नाही.

टो-इन म्हणजे काय?

ट्रॅक्टरसमोर उभे राहून वरून पाहिले, तर पुढची दोन्ही चाके एकमेकांना अगदी समांतर नसतात. त्यांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किंचित जवळ ठेवलेल्या असतात. या आतल्या कलाला टो-इन म्हणतात. याच्या उलट, पुढच्या कडा लांब आणि मागच्या जवळ असतील तर ते टो-आउट होय.

चाके मुद्दाम आत वळवून का ठेवतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. मागच्या चाकांवर चालणारा ट्रॅक्टर पुढच्या चाकांना ढकलत नेतो. जमीन या चाकांना मागे रेटते, त्यामुळे ती बाहेरच्या बाजूला उघडू पाहतात. सांध्यांमध्ये जो थोडा ढिलेपणा असतो, तो या रेट्याने एका बाजूला ओढला जातो. उभ्या ट्रॅक्टरला आधीच थोडे टो-इन दिलेले असले, की चालताना चाके जवळजवळ समांतर होतात. बैलजोडीचेही असेच असते. दोन्ही बैल एका दिशेने चालले तर औत सरळ जाते. एक आत आणि दुसरा बाहेर ओढू लागला, तर बैलही दमतात आणि सरीही वाकडी होते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी हे माप साधारणपणे ३ ते ५ मि.मी. असते. परंतु प्रत्येक बनावटीचे माप वेगळे असू शकते. म्हणून ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके स्वतः ओढतात आणि रेट्याची दिशा बदलते. त्यामुळे त्यांचे माप वेगळे असते. दुसऱ्या ट्रॅक्टरचे माप त्यांना लावू नये.

बिघाडाचा हिशेब

पुढच्या टायरची उंची सुमारे ७५ सें.मी. धरली आणि पुढच्या-मागच्या अंतरात १५ मि.मी. फरक असला, तर हा फरक टायरच्या उंचीच्या पन्नासाव्या भागाइतका होतो. म्हणजे ट्रॅक्टर १ किलोमीटर चालला की दोन्ही टायर मिळून २० मीटर, प्रत्येकी १० मीटर, आडवे घासले जातात. बाजाराचे गाव १० किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन प्रत्येक टायर २०० मीटर आडवा फरफटतो. खडीच्या रस्त्यावर हे रबर किती टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

टो-इन का बिघडते?

१) चाकांतील अंतर बदलताना. हे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. पुढच्या एक्सलची बाजूची नळी एक छिद्र आत किंवा बाहेर सरकवली, की त्या बाजूचा टाय रॉडही तेवढाच सरकवावा लागतो. यात थोडी जरी तफावत राहिली, तरी चाक वळलेले राहते.

२) टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंग पिन व त्याचे बुश किंवा हबच्या बेअरिंग झिजल्यामुळे.

३) बांधावर, दगडावर किंवा खड्ड्यात चाक आदळून टाय रॉड अथवा स्टिअरिंगचा दांडा वाकल्यामुळे.

४) टाय रॉड काढून पुन्हा बसवताना आधीच्या आट्यांची खूण न ठेवल्यामुळे.

५) चेकनट सैल राहून टाय रॉड आपोआप फिरल्यामुळे.

काही बनावटींत चाकांतील अंतर बदलले तरी टो-इन हलू नये, अशी एक्सलची आणि दांड्यांची ठेवण केलेली असते. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री येथे १९४६ पासून तयार होऊ लागलेला फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर याचे चांगले उदाहरण आहे. तरीही झिजलेल्या सांध्यांना ही ठेवण उपाय नाही. म्हणून अंतर बदलल्यावर माप घ्यावेच.

चाकांतील अंतर किती ठेवावे?

आंतरमशागतीसाठी दोन चाकांच्या मध्यांतील अंतर हे पिकाच्या दोन ओळींतील अंतराच्या पूर्ण पटीत असावे. म्हणजे प्रत्येक चाक दोन ओळींच्या बरोबर मधून चालते. सोयाबीन ४५ सें.मी. वर असेल तर १३५ सें.मी., म्हणजे चाकांमध्ये तीन ओळी, ६० सें.मी. च्या पिकात १२० सें.मी., म्हणजे दोन ओळी. आणि १२० सें.मी. च्या कपाशीत १२० सें.मी., म्हणजे एक ओळ. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलमधील छिद्रे ५ सें.मी. अंतरावर असतात. दोन्ही बाजू एकेक छिद्र सरकवल्या की चाकांतील अंतर १० सें.मी. ने बदलते. त्यामुळे नेमके माप न जुळल्यास सर्वांत जवळचे घ्यावे. दोन्ही बाजूंना छिद्रे सारखीच मोजावीत आणि पुढच्या व मागच्या चाकांची वाट एकच राहील, हे पाहावे.

टायर काय सांगतो?

टायरवरची झीज नीट पाहिली, तर निम्मे निदान तेथेच होते.

१) दोन्ही टायरची बाहेरची कड झिजली आहे, रेघांवरून तळहात आतून बाहेर नेताना धार लागते आणि बाहेरून आत नेताना गुळगुळीत वाटते : टो-इन जास्त आहे.

२) दोन्ही टायरची आतली कड झिजली आहे आणि धार उलट दिशेने लागते : टो-आउट झाले आहे.

३) दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग शाबूत : हवा कमी आहे.

४) मधलाच भाग झिजला : हवा जास्त आहे.

५) एकाच चाकाची एकच कड गुळगुळीत झिजली : त्या बाजूची बेअरिंग किंवा किंग पिन सैल आहे, अथवा एक्सल वाकला आहे.

६) जागोजागी खळगे पडले : सांधे ढिले आहेत किंवा चाक डुगडुगते आहे.

शेवटच्या दोन प्रकारांत टाय रॉड फिरवून उपयोग नाही. आधी तो भाग दुरुस्त करावा.

मोजण्यापूर्वी ही तयारी करा

१) जागा सपाट व कठीण असावी. सिमेंटचे खळे किंवा गोदामासमोरचा ओटा उत्तम. मातीत घेतलेले माप फसवे निघते.

२) दोन्ही पुढच्या टायरमध्ये पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सारखी हवा भरावी. एक टायर नवा आणि एक जुना असेल, तर आधी जोडी जुळवावी.

३) मागे औजार किंवा ट्रॉली जोडलेली नसावी.

४) मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावावी. एका वेळी एकच पुढचे चाक जॅकने उचलावे आणि एक्सलखाली लाकडी ओंडका द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये.

५) उचललेले चाक वर व खाली धरून हलवावे. खडखड झाली तर बेअरिंग किंवा किंग पिन सैल आहे. मग पुढे व मागे धरून हलवावे. येथे ढिलेपणा जाणवला तर टाय रॉडचे बॉल जॉइंट तपासावेत. झिजलेला भाग बदलल्याशिवाय पुढचे माप घेऊ नये. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप चार दिवसही टिकत नाही.

६) चाक उचललेले असतानाच ते हाताने फिरवावे आणि टायरच्या मधोमध खडू किंवा खिळा स्थिर धरून भोवती एक बारीक रेघ ओढून घ्यावी. रिम थोडी वाकडी असली तरी या रेघेमुळे मापात चूक येत नाही.

मोजण्याची पद्धत

१) ट्रॅक्टर जमिनीवर उतरवून ४ ते ५ मीटर सरळ पुढे न्यावा आणि चाके सरळ ठेवून थांबवावा. मागे घेऊ नये. मागे घेतल्यास सांध्यांतील ढिलेपणा उलट बाजूला जातो आणि माप चुकते.

२) दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला, हबच्या मध्याइतक्या उंचीवर, ओढलेल्या रेघेवर खडूने फुली करावी. जमिनीपासून दोन्ही फुल्यांची उंची सारखी असावी.

३) प्रत्येक फुलीपासून ओळंबा सोडून फरशीवर टिंब काढावे. दोन टिंबांतील अंतर टेपने मि.मी. पर्यंत मोजून कागदावर लिहावे. हे पुढचे माप.

४) आता इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, उटी काढून, दोघातिघांनी ट्रॅक्टर हळूच पुढे ढकलावा. चाके बरोबर अर्धा वेढा फिरून त्याच फुल्या मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आल्या की थांबवावा. यासाठी ट्रॅक्टर सुमारे सव्वा मीटर पुढे जातो.

५) पुन्हा ओळंबा सोडून टिंबे काढावीत व अंतर मोजावे. हे मागचे माप.

६) मागच्या मापातून पुढचे माप वजा करावे. उदाहरणार्थ, मागे १,२०० मि.मी. आणि पुढे १,१९६ मि.मी. आले तर टो-इन ४ मि.मी. आहे. पुढचे माप मोठे आले तर टो-आउट आहे.

टेप थेट टायरला लावण्याऐवजी ओळंबा वापरण्याचे कारण असे, की मागच्या बाजूला इंजिनचा खालचा भाग आडवा येतो आणि टेप सरळ ताणता येत नाही. फरशीवरच्या टिंबांत ही अडचण राहत नाही. सगळे माप दोनदा घ्यावे. दोन्ही वेळा एक मिलिमीटरच्या आत जुळले, तरच ते खरे धरावे.

दुरुस्ती कशी करावी?

१) टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे चेकनट सैल करावेत. मधली नळी फिरवल्याने लांबी बदलणारा रॉड असेल, तर त्याच्या एका टोकाचे आटे उलटे असतात. त्या टोकाचा नट उलट फिरतो, हे ध्यानात ठेवावे. जोर लावून आटे मारू नयेत.

२) टाय रॉड एक्सलच्या मागे असेल तर त्याची लांबी वाढवल्याने टो-इन वाढते आणि कमी केल्याने घटते. टाय रॉड एक्सलच्या पुढे असेल तर याच्या नेमके उलट होते.

३) दोन स्वतंत्र रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवावेत. एकच फिरवल्यास टो-इन जुळेल, पण ट्रॅक्टर सरळ चालताना स्टिअरिंग तिरपे राहील आणि एका बाजूला वळण कमी बसेल.

४) एका वेळी अर्धा वेढाच फिरवावा. नंतर ट्रॅक्टर ४-५ मीटर पुढे नेऊन पुन्हा मोजावे. माप जुळेपर्यंत असेच करावे.

५) बॉल जॉइंट एका बाजूला ताणलेले नाहीत, हे पाहून चेकनट घट्ट करावेत. नट आवळताना रॉड फिरू शकतो. म्हणून आवळल्यानंतर शेवटचे माप घ्यावेच. काढलेल्या स्प्लिट पिन नव्या घालाव्यात.

६) शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर किंवा रॉड कोठे अडत नाही, याची खात्री करावी. मग मोकळ्या जागेत हळू चालवून पाहावे.

पुढच्या चाकांचे बाकीचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि कॅस्टर, बहुतेक ट्रॅक्टरमध्ये एक्सलच्या घडणीतच दिलेले असतात. ते पान्याने बदलता येत नाहीत. त्यांत फरक दिसला तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे असे समजावे. एक्सल तापवून, घणाने ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

माल वाहणाऱ्या गाडीविषयी दोन शब्द

भाजीपाला व फळे बाजारात नेण्यासाठी अनेकांकडे पिकअप किंवा छोटा ट्रक असतो. चढउतार सोपा व्हावा किंवा गाडी ऐटदार दिसावी म्हणून काहीजण तिचे पाटे कमी करून ती खाली बसवतात. काही गाड्यांचे पाटे जुने होऊन आपोआप बसतात. गाडीची उंची बदलली, की पुढच्या चाकांची ठेवणही बदलते.

पुढे एकसंध एक्सल व पाटे असतील तर उंचीमुळे टो-इन फारसे बदलत नाही, कारण टाय रॉड एक्सलसोबतच खालीवर होतो. परंतु स्टिअरिंगपासून चाकाकडे येणारा दांडा तिरपा होतो. मग स्टिअरिंग मधोमध राहत नाही आणि खड्ड्यातून जाताना गाडी आपोआप एका बाजूला झटका घेते. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त बसला तर कॅस्टर कमी होते आणि वळणानंतर चाके स्वतःहून सरळ येत नाहीत. प्रत्येक चाक स्वतंत्र खालीवर होणारी गाडी असेल, तर चाकाला धरणारे हात आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात. गाडी खाली बसली की टो-इन व कॅम्बर दोन्ही बदलतात आणि टायर कडेने खाल्ला जातो.

अशा गाडीत नुसता टाय रॉड फिरवून भागत नाही. आधी पाटे दुरुस्त करून उंची दोन्ही बाजूंना सारखी करावी, मग कॅम्बर व कॅस्टर, आणि सर्वांत शेवटी टो-इन, हाच क्रम ठेवावा. यातील कोन मोजण्यास यंत्र लागते. म्हणून हे काम अलाइनमेंटच्या दुकानातच करावे. कंपनीने ठरवलेली उंची हीच सुरक्षित उंची होय. शिवाय नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे.

ही दक्षता घ्या

टो-इन बरोबर आहे म्हणून ट्रॅक्टर रस्त्यावर निर्धोक झाला, असे समजू नये. ट्रॉलीत उसाचे ओझे जादा झाले तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग हलका होतो. मग चाके कितीही सरळ असली, तरी ती जमिनीला नीट टेकत नाहीत आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. त्यावर ओझे कमी करणे आणि पुढे शिफारशीप्रमाणे वजने लावणे, हाच उपाय आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे असे :

चाकांतील अंतर बदलले, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलला, चाक जोरात आदळले किंवा ट्रॅक्टर एका बाजूला ओढू लागला, की त्याच दिवशी टो-इन मोजावे. यांपैकी काहीही घडले नाही तरी खरीप व रब्बी हंगामापूर्वी एकेकदा मोजावे आणि तारखेसह ते माप ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवावे. या कामाला दोन माणसांचा एक तास लागतो.

आणि ट्रॅक्टर ओळीत राहत नाही म्हणून चालकाला बोलण्यापूर्वी टायरवरून एकदा हात फिरवून पाहावा.